‘चालेल’च्या आधी थांबायचं : इंदूरमधली रविवारची तालीम

आयटीत काम करणाऱ्या बायकांसाठी आम्ही इंदूरला पगार मागण्याची आणि नाही म्हणण्याची तालीम घेतो. नऊ जणी असल्या की गणित नीट बसतं. तिघी-तिघींचे तीन गट करायचे. गटात एक बोलणारी, एक समोरची म्हणजे मॅनेजर किंवा एचआर, आणि एक नुसती बघणारी. चार मिनिटं संवाद, तीन मिनिटं बघणारीचं म्हणणं, आणि लगेच तोच संवाद पुन्हा चार मिनिटं. अकरा मिनिटांत एक फेरी. तिघींच्या पाळ्या, त्यातली उठबस आणि थोड्या गप्पा धरून चाळीस मिनिटं. रविवारी दहा ते साडेबारा बसलं की दोन प्रसंग निवांत होतात, तिसरा ओढूनताणून. दहावी आली की एक गट चौघींचा होतो आणि तेवढाच मागे पडतो, म्हणून आम्ही नऊवर थांबतो. असे सहा रविवार. शनिवार घेत नाही, कारण शुक्रवारी रात्री रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती) गेलं असेल तर शनिवारी सकाळी कोणाचा ना कोणाचा फोन वाजतच असतो.

येणाऱ्या सगळ्या इंदूरच्या, मराठी घरांतल्या. कोणी सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या कॅम्पसमध्ये, कोणी विजयनगरमधल्या तीस माणसांच्या कंपनीत, कोणी घरी बसून पुण्या-बंगळुरूचं काम करणारी. हुद्दे टेस्टरपासून टीम लीडपर्यंत. कामात कोणीच कच्ची नसते. अडतं ते मागण्याशी आणि नाही म्हणण्याशी, आणि ते ऐन वेळी, खुर्चीवर बसल्यावर. वाचून किंवा व्हिडिओ बघून हे सुटत नाही, कारण वाक्य डोक्यात तयार असलं तरी जिभेला त्याची सवय नसते. म्हणून सगळा भर मोठ्याने बोलण्यावर, आणि तेच पुन्हा बोलण्यावर. पहिली फेरी धडधड जाण्यापुरतीच असते. खरं काम दुसऱ्या फेरीत होतं.

पहिल्या रविवारी सल्ला कोणी कोणाला देत नाही. मोबाइलवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग, फक्त आवाजाचं. प्रसंग साधा : गुरुवारी संध्याकाळी सहाला मॅनेजर म्हणतो, हे एक छोटं काम आहे, उद्यापर्यंत होईल ना? मग प्रत्येकीने आपलं रेकॉर्डिंग स्वतःच ऐकायचं आणि कागदावर रेघा मारायच्या : ‘सॉरी’ किती, ‘जस्ट’ किती, ‘आय थिंक’ किती, ‘चालेल’ किती. कचेरीत आपण हिंदी-इंग्रजीत बोलतो, तरी हा ‘चालेल’ भाषांतर होऊन येतोच. हिंदीत तो ‘हो जाएगा’ होतो, इंग्रजीत ‘नो प्रॉब्लेम’. मराठीतलं ‘चालेल’ मोठं सोयीचं आहे. त्यात होकार असतो, पण ‘मला हवंय’ कुठेच नसतं. चालवून घेणारी मी, आणि चालणारं ते. घरी पाहुण्यांसमोर ते शोभतं. स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये, म्हणजे पुढचं काम वाटून घेण्याच्या बैठकीत, त्याचा अर्थ एकच होतो : हिच्याकडे अजून जागा आहे.

इथे एक चूक हमखास होते. रेघा मोजल्या की काही जणी सगळी नम्रताच पुसून काढतात आणि दुसऱ्या फेरीत एकदम तुटक बोलायला लागतात. तसं करायचं नसतं. ‘सर, एक मिनिट आहे का’ याने काही बिघडत नाही. मऊ शब्द मागणीच्या आधी आला तर चालतो. मागणीच्या नंतर आला तर मागणी खाऊन टाकतो. ‘मला सोमवारपर्यंत वेळ हवा’ यानंतर पूर्णविराम. ‘…म्हणजे जमलं तर, नाहीतर मी बघते काहीतरी’ हे जोडलं की सोमवार गेला.

‘चालेल’च्या जागी काय? उत्तर पाठ करून देण्यात अर्थ नाही, पण साचा एक आहे : होकार, त्याची किंमत, आणि निवड समोरच्याची. इंदूरच्या कचेरीतल्या हिंदीत तो असा बसतो : “ले लूँगी सर. पर फिर पेमेंट वाला टास्क सोमवार पे जाएगा. पहले कौन-सा चाहिए?” तीन छोटी वाक्यं. यात नकार नाही, म्हणून भांडण नाही, पण रात्री अकरापर्यंत दोन्ही कामं उरकण्याची वाटही बंद होते. समोरचा ‘दोनों ही चाहिए’ म्हणाला, आणि तो म्हणतोच, तर तिसरं वाक्य तसंच्या तसं पुन्हा. आवाज न चढवता, नवीन कारण न देता. नवीन कारण दिलं की त्या कारणावर चर्चा सुरू होते : सासूबाईंचा डॉक्टर, मुलाची परीक्षा, सहाची बस. मग वेळापत्रक बाजूला राहतं आणि संसार चर्चेला येतो.

बघणारीच्या हातात कागद असतो आणि त्यावर चारच प्रश्न असतात. मागणी कितव्या सेकंदाला आली? मागणीनंतर किती कारणं दिली? शांतता कोणी मोडली? शेवटचं वाक्य कोणाचं, आणि काय? ‘छान बोललीस’ लिहायला जागाच ठेवलेली नाही. ती ठेवली होती तोवर सगळ्या एकमेकींचं कौतुकच करत बसायच्या. मागणी चाळीस सेकंदांच्या आत यावी असा आमचा ठोकताळा आहे. सुरुवातीला ती बहुधा तिसऱ्या मिनिटाला येते, तीही प्रश्नाच्या रूपात.

समोरचीची भूमिका करणं सगळ्यात अवघड. पहिल्या खेपेला ती खलनायक होते, ओरडते, टेबल आपटते. असे मॅनेजर असतात, पण थोडे. जास्त वेळा तो गोड असतो, घाईत असतो, आणि मधेच फोन घेतो. म्हणून भूमिकेची चिठ्ठी देतो : ‘तू चांगला माणूस आहेस, बजेट खरंच कमी आहे, आणि तुला पाच मिनिटांत दुसऱ्या कॉलवर जायचंय.’ अशा माणसासमोर ठाम राहणं ओरडणाऱ्यासमोर राहण्यापेक्षा जड जातं.

इंदूरच्या छोट्या कंपन्यांत त्यात आणखी एक पीळ आहे. तिथे मालक किंवा लीड ‘भैया’ असतो. जेवण एकत्र, सकाळी पोहे-जिलेबी एकत्र, आणि पगाराचा विषय निघाला की, “अरे, अपन तो घर के लोग हैं.” या वाक्याला उत्तर सुचत नाही, कारण नाही म्हटलं तर माणुसकी मोडते आणि हो म्हटलं तर मागणी. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ती अशी. आम्ही दोन्ही धरून ठेवणारं उत्तर घोटवून घेतो : “हो भैया, इसीलिए सीधे आपसे बात कर रही हूँ. नंबर पे बात कर लें?” घरपण मान्य, आणि पुढच्याच श्वासात आकड्यावर परत. मधे ‘पण’ घालायचा नाही. ‘पण’ आला की पहिलं अर्धं वाक्य खोटं वाटायला लागतं.

मीटिंगमधल्या गोष्टींना एक रविवार पुरतो. मधेच तोडलं तर नाव घेऊन, ‘एक वाक्य राहिलंय, पूर्ण करते’, आणि ते खरोखर एकच वाक्य असावं. आपला मुद्दा दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या तोंडून आला तर तिथे वाद घालण्यापेक्षा एखाद्या सहकाऱ्याशी आधीच ठरवलेलं बरं. ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमधल्या स्त्रिया हेच करत : एकीने मांडलेला मुद्दा दुसरी तिच्या नावासकट पुन्हा मांडायची. २०१६मध्ये ती गोष्ट वर्तमानपत्रांतून सगळीकडे पोचली. ही युक्ती एकट्याने होत नाही. टीममध्ये दुसरी बाई नसेल तर भरवशाचा एखादा पुरुषही चालतो. मिनिट्स (बैठकीचं टिपण) लिहिणं, निरोप समारंभाचा केक, दिवाळीची रांगोळी ही कामं दर वेळी एकीच्याच वाट्याला येत असतील तर ‘मीच का?’ विचारू नये. त्यावर ‘तुझं अक्षर चांगलं आहे’ असं उत्तर तयार असतं, तेही टायपिंगच्या जमान्यात. ‘आजचे मी घेते, पुढच्या वेळेपासून नावांच्या क्रमाने फिरवू या’ म्हणावं आणि तो क्रम त्याच मिनिट्सच्या तळाशी लिहून टाकावा.

तक्रार मांडायला शॅरन आणि गॉर्डन बाउअर यांनी १९७६मध्ये ठाम बोलण्यावरच्या पुस्तकात दिलेली चार पायऱ्यांची रीत आम्ही वापरतो : काय घडलं, मला काय वाटलं, मला काय हवं, त्याने काय होईल. फक्त दुसरी पायरी बदलून घेतो. ‘मला वाईट वाटलं’ म्हटलं की बाई ‘इमोशनल’ ठरते, म्हणून तिथे कामावर झालेला परिणाम. “गेल्या दोन स्प्रिंटमध्ये माझे तीन पुल रिक्वेस्ट चार-चार दिवस रिव्ह्यूविना पडून राहिले. टेस्टिंगला वेळ उरला नाही. पहिला शेरा चोवीस तासांत हवा. तसं झालं तर बुधवारी बिल्ड देता येईल.” (पुल रिक्वेस्ट म्हणजे तपासायला पाठवलेला कोड, बिल्ड म्हणजे त्यातून तयार झालेली चालती आवृत्ती.) आकडे नसले की ही रीत कोसळते. ‘नेहमीच उशीर होतो’ म्हटलं की समोरचा एक अपवाद काढून दाखवतो, आणि मुद्दा तिथेच संपतो.

पगाराला तीन रविवार जातात, आणि ते कमीच पडतात.

त्यातला पहिला पूर्ण रविवार बोलणं नाहीच, हिशेब. प्रत्येकीने आपलं ऑफर लेटर, शेवटचं पगारवाढीचं पत्र आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणायच्या. सीटीसी (कंपनी वर्षाला आपल्यावर करते तो एकूण खर्च) हा आकडा किती फसवा असतो ते एकदा हाताने मांडलं की कळतं. समजा सीटीसी ९,००,००० आहे, त्यात दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त मिळणारा भाग. बेसिक निम्मं, म्हणजे ४,५०,०००. त्यावर कंपनीचा पीएफ बारा टक्के, ५४,०००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, साधारण २१,६४५ (वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून, त्यातून हा टक्का निघतो). व्हेरिएबल ९०,०००. हे सगळं वजा केलं की वर्षाला ७,३४,३५५ उरतात, महिन्याला ६१,१९६. त्यातून आपला स्वतःचा पीएफ ४,५००. हातात ५६,७००च्या आसपास, व्यावसायिक कर आणि प्राप्तिकर अजून धरलेला नाही.

आता दुसरी ऑफर ८,५०,०००ची, पण सगळी फिक्स्ड. त्याच रीतीने मांडली तर हातात महिन्याला ६०,६०० येतात. आकड्याने पन्नास हजारांनी लहान, आणि महिन्याला जवळजवळ चार हजारांनी मोठी. अर्थात व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर पहिली ऑफर वर्षाअखेर पुढे जाते. म्हणून एचआरला विचारायचा प्रश्न ‘व्हेरिएबल किती’ हा नाही. ‘गेल्या दोन वर्षांत माझ्या बँडला (हुद्द्याच्या पातळीला) प्रत्यक्ष किती टक्के दिलं गेलं’ हा आहे. काही कंपन्या पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता १५,०००च्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला १,८००च कापतात. तसं असेल तर सगळं गणित पुन्हा मांडायचं. याची एक शीट करून ठेवली आहे, वरचे चार आकडे बदलले की खालचे बदलतात.

मग तीन आकडे ठरवायचे आणि कागदावर लिहायचे : मागायचा, समाधानाचा, आणि ज्याच्या खाली आला तर आभार मानून उठायचं तो. तिसरा आकडा आपल्याकडे दुसरा पर्याय काय आहे त्यावर ठरतो. फिशर आणि युरी यांनी वाटाघाटींवरच्या १९८१च्या पुस्तकात त्याला ‘बाटना’ म्हटलं. आमच्याकडे त्याचा अर्थ सरळ असतो : हातात दुसरी ऑफर, किंवा आहे तीच नोकरी आणखी सहा महिने. दुसरा पर्याय काहीच नसेल तर तालीम लाख चांगली होवो, आवाज कापतोच. अशीला आम्ही आधी आणखी दोन मुलाखती द्यायला सांगतो.

आकडा ठरवताना एक खोच आहे. बायका बायकांनाच विचारतात. सगळ्यांचाच पगार कमी असेल तर कमीच आकडा ‘मार्केट रेट’ वाटायला लागतो. म्हणून नियम : पाच जणांना विचार, त्यातले निदान तीन पुरुष, त्याच अनुभवाचे आणि त्याच कामाचे. ‘तुमचा पगार किती’ असं विचारलं तर माणूस गप्प होतो. ‘या कामाला बारा ते चौदा लाख ठीक वाटतं का?’ म्हटलं की आपोआप बोलतो.

आणि मागणी रुपयांत करायची, टक्क्यांत नाही. ‘तीस टक्के हाइक’ म्हटलं की तीस टक्के जुन्या, आधीच कमी असलेल्या पगारावर बसतात, आणि कमी पगारात सुरुवात केलेली बाई दहा वर्षं तीच शिळी भाकरी गरम करत राहते. सध्याचा पगार विचारला तर पहिलं उत्तर : “मी या कामाच्या पगारावर बोलते आहे, माझी अपेक्षा चौदा लाख फिक्स्ड आहे.” पुन्हा विचारला तर खरा सांगायचा. वाढवून सांगायचं नाही. स्लिपा मागतात, आणि यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकाच्या) पासबुकात पीएफचे आकडे असतातच.

आता तालमीचा गाभा. बोलणारी आकडा म्हणते. समोरचीला सूचना आहे : आठ सेकंद काहीही बोलायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. आठ सेकंद किती लांब असतात ते तिथे कळतं. तिसऱ्या सेकंदाला ओठ हलतात, चौथ्याला ‘म्हणजे…’, आणि सहाव्याच्या आत ‘निगोशिएबल आहे अर्थात’. एका दमात आपणच आपल्याशी घासाघीस करून लाखभर कमी केलेला असतो, समोरच्याने तोंडही उघडलेलं नसताना. उपाय अगदी बाळबोध आहे. टेबलाखाली डाव्या हाताची बोटं अंगठ्याने एकेक मोजायची, करंगळीपासून तर्जनीपर्यंत आणि परत. आठ होतात. कॉलवर असेल तर माइक म्यूट करायचा आणि पाण्याचा घोट घ्यायचा. हे दहा वेळा केलं की अकराव्या वेळी शांतता आपली वाटत नाही, समोरच्याची वाटते.

मागणीसोबत कारण एकच द्यायचं, आणि ते कामातून आलेलं. इथे आमच्यातही मतभेद होतात. २००७मध्ये बोल्स, बॅबकॉक आणि लाय या संशोधकांनी प्रयोगांतून दाखवलं की जास्त पैसे मागणाऱ्या बाईसोबत काम करायला लोक कमी उत्सुक असतात, पुरुषाच्या बाबतीत तेवढे नाही. म्हणून ‘पुढच्या वर्षी दोन ज्युनियर माझ्याकडे येणार आहेत, ती जबाबदारी धरून’ अशी टीमला जोडलेली मांडणी कमी टोचते. एकीचं म्हणणं, ही कसरत आम्हीच का करायची. बरोबर आहे. अन्याय आहेच. पण सोमवारी अकराला एचआरसमोर बसायचं असेल तर जे चालतं ते वापरायचं, आणि अन्यायावर मंगळवारी बोलायचं. मागूच नये, व्यवस्था आपोआप देईल, हा सल्ला मात्र आम्ही कोणाला देत नाही. २०१४च्या ऑक्टोबरात संगणकक्षेत्रातल्या स्त्रियांच्या मेळाव्यात मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेलांनी तो दिला होता, ‘चांगलं कर्म’ म्हणून. त्याच दिवशी त्यांनी तो चुकला म्हणून मागेही घेतला.

‘बजेट नाही’ हे उत्तर येणार हे धरूनच चालायचं. ते आलं की दोन वाटा. एक तारखेची : “मग कधी असेल? त्या महिन्यात आपण पुन्हा बसू, मी आज मेलमध्ये लिहिते.” दुसरी वस्तूंची : आठवड्याचे घरून कामाचे दिवस, जॉइनिंग बोनस, हुद्दा, नोटीस पीरियडचे पैसे, आई-वडिलांचा विमा. शेवटचा मुद्दा इंदूरच्या घरांत पुष्कळदा पगाराइतकाच मोलाचा ठरतो आणि कंपनीला स्वस्त पडतो, तरी तो मागायचं लक्षात राहत नाही. दोन्ही वाटा एकदम चालू नयेत. आधी तारीख, ती नाकारली तर वस्तू.

बोलणं झालं की त्याच दिवशी मेल. पाच ओळींच्या वर नाही. “आज दिलेल्या वेळेबद्दल आभार. आपलं ठरलं ते लिहून ठेवते : ऑक्टोबरमध्ये पगाराचा आढावा, तोपर्यंत दोन ज्युनियरांची जबाबदारी माझ्याकडे. काही राहिलं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.” उत्तर नाही आलं तरी हा मेल सहा महिन्यांनी कामाला येतो. मॅनेजर तोवर बदललेला असू शकतो, मेल बदलत नाही.

अप्रेझलची (वर्षाच्या मूल्यमापनाची) तयारी मार्चमध्ये करायला बसलं की फक्त फेब्रुवारी आठवतो. त्यापेक्षा दर शुक्रवारी निघताना दहा मिनिटं, वहीत तीन ओळी : काय केलं, कोणता आकडा बदलला, कोणी पाहिलं. ‘सर्चचं पान चार सेकंदांऐवजी दीड सेकंदात उघडतं, क्लायंटच्या कॉलवर दाखवलं’ एवढं पुरतं. फॉर्म भरताना या वहीतली क्रियापदं तपासायची. ‘टीमने केलं’ जिथे असेल तिथे आपण नेमकं काय केलं ते आधी.

काही गोष्टी या तालमीत घेतच नाही. लैंगिक छळ हा वाटाघाटीचा विषय नाही. २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, आणि तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. बाळंतपणाची पहिल्या दोन मुलांसाठीची २६ आठवड्यांची रजाही मागायची नसते, कळवायची असते : “अमुक तारखेपासून माझी रजा सुरू होईल.” त्या बदल्यात अप्रेझल सोडून देण्याची तयारी दाखवणाऱ्या अजून भेटतात. तेवढ्यापुरतं आम्ही तालीम थांबवतो.

शेवटच्या रविवारी उरतं ते पत्र. तोंडी ठरलेलं आणि छापून आलेलं यांत फरक पडतो, आणि तो बहुधा तीन जागी असतो. जॉइनिंग बोनस : किती महिन्यांच्या आत सोडलं तर परत द्यायचा, आणि तो पूर्ण की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात. नोटीस पीरियड : साठ की नव्वद दिवस, आणि पैसे भरून तो कमी करायचा हक्क आपल्यालाही आहे की फक्त कंपनीला. आणि व्हेरिएबल : ते महिन्याला, तिमाहीला की वर्षाला, आणि मधेच सोडलं तर काय. ‘कंपनीच्या धोरणानुसार’ हे शब्द जिथे दिसतील तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि ते धोरण सहीच्या आधी मेलवर मागवायचं. पाठवायला दोन दिवस लागतील म्हणाले तर सही दोन दिवसांनी.